सहीच्या वरची जागा

साकोली, जि. भंडारा
दि. ७ डिसेंबर २०२५, रविवार

ती. ज्योत्सनाताईस,
भुपेंद्रचा शि. सा. नमस्कार.

इकडे आम्ही चौघेही तब्येतीने बरे आहोत. तुझी रात्रपाळी अजून चालू आहे का आणि पायांची सूज उतरली का, ते कळव.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितो आहे. रविवार असल्यामुळे शटर अर्धं खाली आहे. हाताने लिहून, इथल्या मशीनवर स्कॅन करून ते तुझ्या स्वतःच्या ई-मेलवर पाठवीन. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर एका बाजूला आई असते, मांडीवर तुझी गुड्डी असते आणि मागून बाबा विचारतात, "तिकडं किती वाजले?" अशा वेळी माझ्या तोंडून काहीतरी सोयीचं निघून जातं. कागदावर मी शब्द बघून लिहू शकतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. मंगळवारी तुला कॅनडाच्या ऑफिसचा जो मेल आला, त्यातली लिंक उघडून काहीही भरू नको. "माझ्या कुटुंबाची माहिती बरोबर आहे" असा प्रश्न तिथे येईल. त्यापुढे "होय" करू नको. तुझ्याकडे तीस दिवस आहेत, त्यातले पाच गेले. कारण पुढे लिहितो.

आधी घरचं. धान चुरून, मळून घरी आलं. यंदा शेवटच्या पाण्यापर्यंत तलाव पुरला, त्यामुळे बाबा खूश आहेत, म्हणजे कोणावर रागवत नाहीत. आईच्या गुडघ्यासाठी तू सांगितलेला पट्टा मी आणला होता. तिने तो दोन दिवस बांधला. तिसऱ्या दिवशी तो मला तांदळाच्या पिंपाच्या झाकणाला बांधलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, "गुडघा काही पळून नाही चालला. झाकण पळते."

गुड्डीचा खालचा समोरचा दात पडला. तो उंदराला द्यायला छपरावर फेकायचा असतो, पण आपल्या घरावर आता स्लॅब आहे, म्हणून तिने शेजारच्या केशरबाईच्या कवेलूंच्या छपरावर फेकला. केशरबाई आली भांडायला. "तुमचे दात माह्या घरावर कायले फेकता वो?" गुड्डी म्हणाली, "उंदीर तुमच्याच घरी आहेत ना, मोठीआई." केशरबाई हसत हसत परत गेली आणि जाताना विचारून गेली की ज्योत्सना पोरीला कधी नेते. हे हल्ली गावात सगळेच विचारतात.

तू पाठवलेला कोटाचा फोटो गुड्डीने बोटांनी मोठा करून पाहिला. खिसे मोजले. चार आहेत. "एका खिशात मामाले ठेवीन," म्हणाली. तू पुढच्या थंडीचा विचार करून एक माप मोठा घेतलास, हे आईला फार आवडलं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा चहा प्यायलो आणि प्रिंटरमधला कागद नीट केला, जो नीटच होता.

ताई, मंगळवारी तू विचारलंस, "बाबू, माझा कागद आला, गुड्डीचा वेगळा येईल ना रे?" मी म्हणालो, "येईल." तो येणार नाही. तो येऊ नये असं पत्र तिकडच्या ऑफिसला गेलेलं आहे. ते मी पाठवलं.

आता क्रमाने लिहितो, कारण तुला हे दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं लागेल.

तू कॅनडाला गेलीस त्याला सव्वादोन वर्षं झाली. कायमच्या वास्तव्याच्या तीन वाटा आपण मिळून पाहिल्या होत्या. माझी वही तुला आठवत असेल. पहिली गुणांची. वय, इंग्रजीची परीक्षा, शिक्षण, अनुभव, सगळ्यांचे गुण मांडून पाहिले तर तुझ्या नर्सिंगच्या डिप्लोमाला तिकडे कमी किंमत होती आणि आपण बरेच मागे राहत होतो. दुसरी, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांसाठीची वेगळी योजना. ती उघडते आणि काही तासांत भरून बंद होते. त्या दिवशी तू ड्युटीवर होतीस. सुटलीस तेव्हा ती बंद झालेली होती. तिसरी प्रांताची. ज्या प्रांतात अशा कामाला माणसं कमी आहेत, तो प्रांत, तू काम करतेस त्या वृद्धाश्रमाच्या पत्रावर, तुझं नाव पुढे पाठवतो. ती लांबची होती पण पक्की होती. तीच आपण धरली.

त्या अर्जात कुटुंबाच्या पानावर गुड्डीबद्दल मी लिहिलं होतं : हर्षा, मुलगी, सोबत येणार, होय. वडील मयत, दाखला जोडला. ते सगळं खरं होतं. ते भरताना माझ्या मनात काहीच नव्हतं, एवढं मान. बाकीचं मानू नको.

संपर्काचा ई-मेल माझा दिला. दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरताना आम्ही तसंच करतो. साकोलीत, सानगडीत, पार दिघोरीपर्यंतच्या लोकांच्या फॉर्मवर आमचाच मोबाईल आणि आमचाच ई-मेल असतो. लोकांजवळ नसतो, असला तरी ते पाहत नाहीत. आमचे मालक चंद्रकुमारभाऊ गिऱ्हाइकांना सांगतात, "अर्ध्या तालुक्याचं नशीब ह्याच्या खिशात टिंगटिंग वाजते." तूही म्हणालीस, "तुझाच टाक, बाबू. तुझा फॉर्म कधी परत नाही येत." मंगळवारचा शेवटचा मेल तेवढा तिकडच्या ऑफिसने सरळ तुला पाठवला. माझ्याकडे आला असता तर हे पत्र मी लिहिलं असतं की नाही, मला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या चार दिवस आधी, माझ्याकडे एक मेल आला. मुलीची वैद्यकीय तपासणी झालेली नाही. तीस दिवसांत त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडून करून घ्या. आपल्याला जवळचा हैदराबादचा होता. करायची नसेल तर आईने सही करून लिहून द्यावं की तपासणी होणार नाही, आणि त्यामुळे या मुलीला पुढे कुटुंबातली म्हणून कधी बोलावता येणार नाही हे तिला समजलेलं आहे.

मी तो मेल तीन वेळा वाचला. पहिल्या वेळी गाडीचं तिकीट पाहिलं. खरंच पाहिलं. बल्लारशाहवरून जाणारी गाडी होती आणि जागाही होती. मग गिऱ्हाईक आलं, मी ती खिडकी बंद केली, आणि पुन्हा उघडली नाही.

तान्ह्या पोळ्याला गुड्डीने लाकडी बैल नेला होता. आई आणि मी तो दोन दिवस सजवत होतो. शिंगांना बेगड लावली, गळ्यात चॉकलेटची माळ घातली. शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी होती आणि गुरुजी माईकवर एकेकाला विचारत होते, कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी. गुड्डीची पाळी आली. ती मोठ्याने म्हणाली, "भुपेंद्र मामाची." सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "अगं, आईचं नाव सांग." ती म्हणाली, "मम्मी फोनमध्ये राहते."

लोक आणखी हसले. ताई, त्या दिवशी मला आनंद झाला. तुला हे वाचून काय होईल ते मला कळतं, पण लिहिलं नाही तर पुढचं समजणार नाही. मी त्या आनंदात तिला खांद्यावर घेऊन घरी आलो. तिचं जावळ माझ्या मांडीवर काढलं होतं ते मला आठवलं. न्हावी वस्तरा फिरवत होता आणि तिने माझं नवं धोतर ओलं केलं होतं. तू म्हणाली होतीस, "झालं, आता ही तुझी." तू गमतीने म्हणालीस. मी ते जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझे कागद काढले.

जाण्याआधी तू याच काउंटरवर बसून आठ कोऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्यास. खाली सही, वर सगळी जागा मोकळी. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, बँक, ग्रामपंचायत, कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून. इथे सगळेच असं ठेवून जातात. दुबईला गेलेल्यांचेही आमच्या कपाटात आहेत. त्या आठांतले पाच मी शाळा, रेशन आणि बँकेसाठी वापरले, आणि त्यांची प्रत्येक वेळी तुला फोनवर कल्पना दिली. सहावा सांगितला नाही.

मजकूर इंग्रजीत लिहिला. मराठीत त्याचा अर्थ असा : माझी मुलगी हर्षा हिला मी माझी आई व भाऊ यांच्याकडे कायमची ठेवत आहे. तिची तपासणी करणार नाही. पुढे तिला बोलावता येणार नाही, याची मला पूर्ण समज आहे. मग तो मजकूर तुझ्या सहीच्या वर बरोबर यावा म्हणून मी आधी साध्या कागदावर छापला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. शेवटची ओळ सहीला टेकत होती. समास कमी केला. पुन्हा छापलं, पुन्हा धरलं. आता सही फार खाली पडलेली वाटत होती, संशय आला असता. तिसऱ्यांदा जुळलं. चौथ्यांदा खरा कागद प्रिंटरमध्ये घातला. तो निघाला तेव्हा इतका नीट होता की मी तारीख तपासली, तुझं पासपोर्टवरचं नाव तपासलं, आणि मला कामाचं समाधान वाटलं. त्या समाधानाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

उरलेले दोन कोरे कागद मी या आठवड्यात फाडून चुलीत घातले.

सप्टेंबरमध्ये तू विचारलंस, "गुड्डीची मेडिकल कधी आहे रे?" मी म्हणालो, लहान मुलांना शेवटी बोलावतात. तू म्हणालीस, "बरं, तुला माहीत." ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारलंस. मी म्हणालो, तिकडे संप चालू आहे. मला वाटलं तू बातम्यांत पाहशील आणि मला पकडशील. तू पाहिलं नाहीस. तू डबल ड्युटी करत होतीस.

आणि मंगळवारी तू फोनवर रडलीस, हसलीस, तिथल्या शाळेचं नाव सांगितलंस, घरापासून सात मिनिटं म्हणालीस. मे महिन्यात तिला न्यायला येते म्हणालीस. शेवटी म्हणालीस, "बाबू, तू होतास म्हणून झालं." आईने पदराने डोळे पुसले. गुड्डीने विचारलं, "सात मिनिटं म्हणजे किती?" मी तिला तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत, चालून दाखवलं. परत येताना ती पुढे पळाली आणि मी पाळीवरच थांबलो. तेवढ्या वेळात माझं ठरलं की हे तुला लिहायचं.

आता पुढे काय करायचं, ते मला समजलं तसं लिहितो. पण माझ्यावर विसंबू नको. तिकडे परवाना असलेला वकील गाठ आणि त्याला हे सगळं पत्र भाषांतर करून दाखव.

तू "होय" केलंस तर तुझं कायमचं वास्तव्य कदाचित होऊन जाईल, कोणाला काही कळणार नाही आणि गुड्डी इथेच राहील. ऑगस्टमध्ये मला हेच हवं होतं. दुसरं म्हणजे ते सगळं सोडून परत येणं. आईला ते चालेल असं मला वाटायचं, पण तू सव्वादोन वर्षं म्हाताऱ्या माणसांना उचलून अंघोळी घातल्यास त्या परत येण्यासाठी नाही. राहिलं ते हे की "होय" न करता त्यांना आधी लिहायचं : माझी मुलगी सोबत येणार आहे, तिची तपासणी करायची आहे, ऑगस्टचं पत्र माझं नाही. काम लांबेल. आणखी एक भीती आहे, ती लपवत नाही. खोटा कागद तुझ्या अर्जात गेला आहे. ते म्हणू शकतात की खोटेपणा तुझाच. तसं ठरलं तर अर्ज जातो आणि काही वर्षं पुन्हा करता येत नाही, असं मी वाचलं आहे. म्हणजे माझ्यामुळे तुझं दोन्हीकडचं जाऊ शकतं. तरीही मला हीच वाट खरी वाटते, कारण बाकी दोन्हींत गुड्डीला मोठेपणी सांगता येण्यासारखं काही नाही.

ते तुझ्यावर येऊ नये म्हणून मी शुक्रवारी तहसीलजवळच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलं आहे की कोरी सही कुठून आली, मजकूर कोणी लिहिला, कोणी छापला, कोणत्या तारखेला पाठवला, आणि बहिणीला त्याची माहिती नव्हती. माझं नाव, पत्ता, आधार क्रमांक, सगळं आहे.

ते छापत असताना चंद्रकुमारभाऊ मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पूर्ण वाचलं.

"हे काय आहे गा, मास्तर?"

मी म्हणालो, "जे आहे ते आहे, भाऊ."

"हे तहसीलात कोणाच्या डोळ्याले पडलं तर दुकानाचा परवाना जाईल, समजते का तुले?"

"दुकानाचं नाव कुठे लिहिलं नाही. माझंच लिहिलं."

मग कपाट उघडून त्यांनी लोकांच्या कोऱ्या सह्यांचे सगळे कागद काढले आणि मोजायला लागले. मोजता मोजता म्हणाले, "सोमवारपासून काउंटरवर बसू नको. गिऱ्हाईक मले विचारतील तर मी काय सांगू?" दारापर्यंत गेल्यावर पुन्हा वळले. "रविवारी येऊन तुहं काय स्कॅन करायचं ते करून घे. किल्ली पानवाल्याजवळ देजो." मला त्यांचा राग आला नाही. सहा वर्षांत त्यांनी माझं एकही काम पुन्हा तपासलं नव्हतं.

सोबत प्रतिज्ञापत्राची दोन पानं, ऑगस्टमध्ये आलेला मेल, मी पाठवलेलं खोटं पत्र, त्यांना लिहायच्या मजकुराचा मसुदा, आणि माझं नाव प्रतिनिधी म्हणून काढून टाकण्याचा फॉर्म जोडतो. फॉर्म मी भरलेला नाही. तूच भर. खात्याचा पासवर्ड वेगळ्या मेलने पाठवतो. मिळाल्याबरोबर बदल आणि नवा मला सांगू नको.

मी हे का केलं, ते राहिलं. आईसाठी केलं. गुड्डी जेवली की आई जेवते. गुड्डी शाळेत गेली की आई अंगणात नुसती बसते. पोरगी गेली तर आई वर्षही काढणार नाही, असं मला वाटलं. मी एवढंच म्हणू शकतो.

सोमवार, ८ डिसेंबर, सानगडी

काल सगळं स्कॅन केलं, मेलला जोडलं, आणि पाठवायचं बटण दाबलं नाही. आईला न सांगता आईचं नाव लिहून पाठवणं मला जमेना. दुकानाची किल्ली पानवाल्याकडे दिली आणि घरी आलो. हे पान मोबाईलने फोटो काढून जोडतो आहे.

आज सकाळी गुड्डी शाळेत गेल्यावर आईला सांगितलं. ती अंगणात धान वाळत घालत होती. मी सगळं सांगून होईपर्यंत ती पायाने धान पसरवत राहिली. मग थांबली.

"कोणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी, आई."

"माह्यासाठी?" ती म्हणाली. "मी म्हटलं होतं का तुले?"

"तू म्हणत नाहीस. पण मला दिसतं ना."

"काय दिसते तुले? दोन वर्ष झाले, मी त्या पोरीले रोज सांगून राहिली का तुले मम्मीजवळ जायचं आहे. रोज. तिची वेणी घालताना सांगतो, जेवू घालताना सांगतो. तिले सांगता सांगता मी आपल्या मनाले तयार केलं. आन् तू माह्याच नावानं दार लावून आलास?"

मी पायापाशी आलेलं धान हाताने मागे सारलं.

"मले इचारलं असतंस तर मी तिले पाठीवर घेऊन हैदराबादले नेलं असतं. पायी." मग ती खाली बसली आणि हळू म्हणाली, "लेक तिची आहे रे. आपल्याजवळ ठेवाले दिली होती."

बाबा गोठ्यातून ऐकत होते, हे मला माहीत नव्हतं. हातात वैरण घेऊन बाहेर आले.

"पाठवलास तो कागद?"

"नाही अजून."

"मंग इथं काहून उभा आहेस?"

तेवढंच बोलून ते वैरण टाकायला गेले.

म्हणून काल शेवटी जे लिहिलं ते खोडत नाही, पण ते खोटं आहे. आईसाठी केलं नाही. आईला मी पुढे केलं, जशी तुझी सही पुढे केली. मी माझ्यासाठी केलं.

मी बारावीत शाळा सोडली, ते बाबांचा पाय मोडला म्हणून. तुझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, आणि कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. मी थांबलो. त्याचा राग मला कधी आला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. नंतर लोकांचे फॉर्म भरत बसलो. माझ्या हातून किती जण पुण्याला, दुबईला, कुठे कुठे गेले. सगळ्यांच्या नावापुढे मी काही ना काही लिहिलं. माझ्या नावापुढे लिहायला एकच गोष्ट मिळाली. गुड्डीच्या शाळेच्या अर्जावर "पालक" अशी एक ओळ असते. तिथे मी माझं नाव लिहिलं. तुझी परवानगी होती, तो पाचांतलाच एक कागद होता. पण त्या ओळीवर माझं नाव दिसलं आणि मला ते सोडवेना. ती गेली असती तर मला संध्याकाळी कोणाकडे परत यायचं, हे कळत नव्हतं. एवढ्यासाठी मी एका आईची सही घेऊन तिची मुलगी माझ्या नावावर लिहून टाकली. याच्यापुढे कारण नाही.

तिकडून तपासणीचा आदेश पुन्हा आला तर गुड्डीला हैदराबादला आई घेऊन जाईल, बाबा सोबत जातील. गाडीच्या वेळा मी त्यांना लिहून दिल्या आहेत. मी जाणार नाही, तू स्वतःहून म्हटल्याशिवाय. गुड्डीला अजून काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगायचं आणि कोणी सांगायचं, ते तू ठरव.

तुझ्याकडे आता रविवारची रात्र असेल. तू ड्युटीवर असशील तर हे घरी जाऊन वाच. मला उत्तर लिहिण्यात वेळ घालवू नको. आधी त्या ऑफिसला लिही. मला काय म्हणायचं असेल ते उरलेल्या आयुष्यात कधीही म्हण, मी इथेच असेन.

नमस्कार पुन्हा लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

गुड्डीचा मामा, आणि तेवढाच,
भुपेंद्र